शंभर ग्राहकांसाठी जाहिरातीला किती पैसे ठेवू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इचलकरंजीचा. दीड वर्षापूर्वी रिसेलर होस्टिंग घेऊन, म्हणजे मोठ्या कंपनीकडून सर्व्हरवरची जागा घाऊक घेऊन ती इतरांना वेबसाइट ठेवायला विकायची, असा धंदा सुरू केला. आज २२ ग्राहक आहेत, जवळपास सगळे ओळखीतले. सूत व्यापारी आहेत, दोन सायझिंगवाले (सुताला खळ लावून देणारे), एक दवाखाना, हुपरीचे चांदीवाले. माझा एकच प्लॅन आहे, वर्षाला २,४०० रुपये. पहिल्या वर्षी डॉट इन डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, फुकट देतो, ते मला ६०० रुपयांना पडतं. रिसेलर प्लॅनचे महिन्याला १,५०० जातात. येत्या वर्षभरात १०० नवीन ग्राहक करायचे ठरवलंय. एका जाहिरात एजन्सीने गूगलवर महिना २५,००० ची जाहिरात, त्यांची फी ८,००० आणि वर जीएसटी असं कोटेशन दिलंय. माझा जीएसटी नंबर नाही. हा खर्च बरोबर आहे का? आणि असा अंदाज आपला आपण काढायचा कसा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्रात मला हवे होते तेवढे सगळे आकडे आहेत, फक्त एक नाही. पहिल्या सहा महिन्यांत जे ग्राहक झाले, त्यांचं वर्ष आता भरून गेलं असेल. त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या वर्षाचे पैसे भरले? जाहिरातीला किती पैसे ठेवायचे हे त्या आकड्यावर ठरतं. तो नसताना एजन्सीने २५,००० म्हटलं काय आणि ५०,००० म्हटलं काय, दोन्ही हवेतलेच.

आधी कोटेशन बघू. ३३,००० वर १८ टक्के जीएसटी धरला की महिन्याला ३८,९४० होतात. वर्षाचे ४,६७,२८०. शंभर ग्राहक मिळालेच असं धरलं तरी एक ग्राहक ४,६७३ रुपयांना पडला, आणि तो तुम्हाला देणार २,४००. तुमचा जीएसटी नंबर नसल्यामुळे त्या १८ टक्क्यांतला एक रुपयाही परत मिळत नाही, तो सगळा खर्चातच धरायचा. तेवढ्यासाठी नंबर घ्यायला मात्र जाऊ नका. सेवेच्या धंद्याला वर्षाची २० लाखांची उलाढाल होईपर्यंत सक्ती नाही. नंबर घेतलात की तुमचं बिल २,४०० चं २,८३२ होणार. सूत व्यापारी ते ४३२ आपल्या हिशेबात वळते करून घेईल, दवाखान्याला ते करता येत नाही. त्याला तुमचा भाव वाढला एवढंच दिसेल.

हे कोटेशन घेऊ नका. पण याचा अर्थ जाहिरातच करू नका असा नाही. मी स्वतः हा खड्डा पाहिलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१२ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं ऑफिस होतं. फौंड्रीवाले, पॅटर्नवाले, मशीनचे सुटे भाग करणारे हे माझे ग्राहक. गूगलच्या जाहिरातीला तेव्हा अ‍ॅडवर्ड्स म्हणत, गूगल अ‍ॅड्स हे नाव २०१८ मध्ये आलं. 'वेब होस्टिंग' या शब्दावर मी वीस दिवसांत १८,००० रुपये घातले. ६४० क्लिक आले आणि ग्राहक झाले चार. म्हणजे एक ग्राहक साडेचार हजारांना. त्या चारातल्या एकानेच पुढच्या वर्षी पैसे भरले. ते १८,००० माझ्या दोन महिन्यांच्या घरखर्चाचे होते, आणि ते गेल्याचं घरी सांगायला मला आठ दिवस लागले.

पैसे गेल्यानंतर एका रविवारी मी बसून शोधशब्दांचा अहवाल वाचला. लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर आपली जाहिरात दिसली, हे त्यात ओळीने येतं. तो मी आधीच्या वीस दिवसांत एकदाही उघडला नव्हता. त्यात 'फ्री वेब होस्टिंग' होतं. दुसऱ्याच होस्टिंग कंपनीचं नाव आणि पुढे 'लॉगिन' होतं, म्हणजे तो माणूस आधीच कुणाचा तरी ग्राहक होता आणि आपलं खातं उघडायला निघाला होता. 'होस्टिंग म्हणजे काय' होतं, परीक्षेसाठी विचारलेलं. आणि एक ओळ मला अजून डोळ्यांसमोर दिसते : 'होस्टिंग स्क्रिप्ट फॉर स्कूल फंक्शन'. शाळेच्या गॅदरिंगला सूत्रसंचालन करायचं म्हणून कुणी मुलगी किंवा तिची बाई शोधत होती, आणि तिच्या त्या एका क्लिकचे अठ्ठावीस रुपये मी भरले होते. मी वहीत रेघ मारून मोजलं. ६४० पैकी साडेतीनशे क्लिक असे होते, ज्यांना माझ्याकडून काही विकत घ्यायचंच नव्हतं.

म्हणून जाहिरात सुरू केल्यावर दर दोन दिवसांनी हा अहवाल उघडा आणि असे शब्द वर्ज्य यादीत टाकत जा. फ्री, लॉगिन, जॉब, कोर्स, मीनिंग, स्क्रिप्ट हे तर पहिल्याच दिवशी टाका. आणखी तीन ठिकाणी पैसे गळतात, कारण मुळातली सेटिंग तशी असते. शब्दांची जुळणी ढोबळ ठेवलेली असते, म्हणजे मिळत्याजुळत्या शोधालाही जाहिरात दिसते, ती नेमकी किंवा वाक्यांशाची करून घ्या. शोधाच्या जाहिरातीबरोबर इतर साइटवर जाहिरात दाखवायची खूण आधीच केलेली असते, ती काढा. आणि ठिकाणाच्या सेटिंगमध्ये इचलकरंजीत असलेले आणि इचलकरंजीत रस असलेले असे दोन्ही लोक धरलेले असतात. तिथे फक्त असलेले ठेवा. शिवाय रोजची मर्यादा २०० लिहिली तरी एखाद्या दिवशी ४०० पर्यंत जाऊ शकतात. महिन्याचा खर्च मात्र रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटीवर जात नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी घाबरून बंद करू नका.

आता अंदाजाकडे येऊ. माझी पद्धत उलटी आहे. किती खर्च करू असं मी विचारत नाही. एक ग्राहक माझ्या हातात किती ठेवून जातो, तिथून मी मागे येते.

तुमचे २,४०० घ्या. पहिल्या वर्षी त्यातून डोमेनचे ६०० जातात. रिसेलर प्लॅन वर्षाला १८,००० चा आहे. त्यावर कंपनी सांगेल तेवढी खाती कधी नीट चालत नाहीत, म्हणून मी ४० धरते, म्हणजे एका खात्याला ४५०. बॅकअपच्या जागेचे १००. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचे, दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून ५७. आणि तुमचा वेळ. हा बहुतेक जण धरत नाहीत आणि म्हणूनच धंदा चाललेला दिसतो पण पैसा दिसत नाही. नवीन ग्राहकाची जुनी साइट हलवायची, त्याच्या मोबाइलवर आणि मुनीमजींच्या कॉम्प्युटरवर ई-मेल लावून द्यायचा, पासवर्ड विसरला की परत सांगायचा, यात पहिल्या वर्षी तीन तास जातातच. तासाचे २०० धरले तर ६००. सगळं वजा केलं की उरले ५९३ रुपये.

दुसऱ्या वर्षी डोमेनचे पैसे तो वेगळे देतो आणि तुमचा तासभरच जातो. तेव्हा उरतात १,५९३. म्हणजे पहिल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट. होस्टिंगच्या धंद्यातली कमाई इथे आहे, दुसऱ्या वर्षाच्या बिलात. म्हणूनच मी सुरुवातीला तो आकडा मागितला.

तो तुम्ही दिलेला नाही, म्हणून मी माझ्या अनुभवातला धरते. दहातले सात दुसऱ्या वर्षी राहतात. जे राहिले त्यांतले शंभरात ८५ तिसऱ्या वर्षीही राहतात. मग एका नव्या ग्राहकामागे तीन वर्षांत सरासरी ५९३, १,११५ आणि ९४८ मिळून २,६५६ रुपये हातात येतात. तो मिळवायला तुम्ही २,६५६ घातलेत तर तीन वर्षं फुकट राबलात. मी यातले जास्तीत जास्त १,००० जाहिरातीला देईन. त्यातलेही पहिल्या वर्षी ५९३ च वसूल होतात, बाकीचे ४०७ दुसऱ्या वर्षाचं बिल येईपर्यंत अडकून पडतात. शंभर ग्राहकांचे असे ४०,७०० झाले. तेवढे पैसे घरातून काढून वर्षभर विसरता येतील का, हे घरच्यांबरोबर बसून ठरवा. तुमच्याकडे दहातले पाचच टिकत असतील तर हा १,००० चा आकडा खाली आणावा लागेल. नऊ टिकत असतील तर थोडा वर नेता येईल.

आता १,००० वरून क्लिकपर्यंत मागे या. नीट चाळलेल्या जाहिरातीवर माझ्याकडे १०० क्लिकमागे दोन ग्राहक होतात. म्हणजे एका ग्राहकाला ५० क्लिक, आणि एक क्लिक जास्तीत जास्त २० रुपयांचा. हे २० करासकट. कर काढला की १७ रुपये. ही तुमची बोली, म्हणजे एका क्लिकला गूगलला द्यायची कमाल रक्कम. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये जाऊन बघा, फुकट आहे. प्रत्येक शब्दापुढे पानाच्या वरच्या भागात येण्यासाठी लोक कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती बोली लावतात ते दिसतं. जो शब्द १७ मध्ये बसत नाही तो आपला नाही, असं म्हणून सोडून द्यायचा. 'वेब होस्टिंग' बसणार नाही. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी घेतात, सोबत ई-मेल, साइट बनवायचं साधन, आणखी डोमेन विकतात. त्यांना एक ग्राहक अनेक हजार देऊन जातो, म्हणून त्यांना ती बोली परवडते. त्यांच्याशी त्या शब्दावर झुंजणं म्हणजे सायझिंगवाल्याने मिलच्या भावात माल विकायला निघणं.

आणि खरं सांगायचं तर तुमचा ग्राहक 'होस्टिंग' हा शब्द टाइप करतच नाही. त्याच्या लेटरहेडवर अजून जीमेलचा पत्ता छापलेला असतो आणि बाहेरगावच्या पार्टीने त्यावरून त्याला हटकलेलं असतं. तो 'कंपनीच्या नावाने ई-मेल' शोधतो. किंवा त्याची साइट चार दिवस बंद असते, बनवून देणारा पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो, आणि तो 'वेबसाइट बंद पडली' असं शोधतो. शेवटी गावाचं नाव घालतो. असे शब्द स्वस्त असतात, कारण मोठ्यांचं तिकडे लक्ष नसतं. अडचण एकच, असे शोध महिन्याला थोडेच होतात. त्यामुळे इचलकरंजीबरोबर कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर आणि सीमेपलीकडचं निपाणीही धरा.

मग चाचणी करा. ६,००० रुपये करासकट बाजूला ठेवा, ३०० क्लिक घ्या, आणि ते संपेपर्यंत निकाल लावू नका. ५० क्लिक झाले, एकही ग्राहक नाही, म्हणून जाहिरात बंद केली असं सांगणारी पत्रं मला दर महिन्याला येतात. शंभरातले दोन हा दर अगदी खरा असला तरी पहिल्या ५० क्लिकमध्ये एकही ग्राहक न होण्याची शक्यता ३६ टक्के असते. तीनातल्या एकाच्या वाट्याला हे नुसत्या योगायोगाने येणार. ३०० क्लिकला तसं होण्याची शक्यता हजारात दोन-तीन उरते. ३०० नंतरही भोपळा असेल तर दोष नशिबाचा नाही, शब्दांचा नाहीतर तुमच्या पानाचा आहे.

ग्राहक मोजताना साइटवरून थेट पैसे भरणारेच मोजू नका. आपल्याकडचा माणूस जाहिरात बघतो आणि फोन करतो. जाहिरातीसाठी वेगळं सिम घ्या. फोन आला की 'कुठून कळलं?' हे पहिल्या मिनिटात विचारा आणि वहीत लिहा. माझ्या वहीत पाच रकाने आहेत : तारीख, कुठून कळलं, काय हवंय, पैसे भरले ती तारीख, आणि पुढच्या वर्षी भरले का. शेवटचा रकाना वर्षभर कोराच असतो. तो भरायला घेतला तेव्हाच मला कळलं की ई-मेलसाठी आलेला ग्राहक टिकतो आणि सवलत बघून आलेला जातो.

एक रस्ता गूगलपेक्षा स्वस्त आहे. तुमच्या गावात साइट बनवून देणारी मुलं, जाहिरातीचं डिझाइन करणारे, छापखानेवाले, कॉम्प्युटर क्लासचे सर, यांच्याकडे जा. ग्राहक आणला तर पहिल्या बिलाचे २० टक्के, म्हणजे ४८०, त्याच दिवशी यूपीआयने द्या. ग्राहक आला नाही तर खर्च शून्य. ४८० हे ५९३ पेक्षा कमी आहेत, त्यामुळे पैसे पहिल्याच वर्षी सुटतात. फक्त एकाच डिझायनरवर विसंबू नका. माझ्याकडचा एक डिझायनर दुसरीकडे गेला तेव्हा एका आठवड्यात नऊ साइट घेऊन गेला. तेव्हापासून बिल आणि आठवणीचा फोन मी थेट मालकालाच करते.

आता तुमच्या शंभराबद्दल. २२ आणि १०० मिळून १२२ खाती, म्हणजे तीन प्लॅन काठोकाठ भरून चौथा लागणार. शिवाय नव्यांचे ३०० तास. एकट्याने हे करायला गेलात तर जुन्या २२ जणांचे फोन उचलायला वेळ राहणार नाही, आणि टिकणारे तेच आहेत. यंदा ५० धरा. ३० डिझायनरांकडून, त्यांचे १४,४००. २० जाहिरातीतून, त्यांचे २०,०००, चाचणीचे ६,००० त्यातच. एकूण ३४,४०० रुपये वर्षाला. त्या पन्नास जणांकडून पहिल्या वर्षी २९,६५० हातात उरतील. तूट पाच हजारांच्या आत राहते, ती पुढच्या रिन्युअलमध्ये निघून जाते.

हा हिशेब एकदा करून ठेवून द्यायचा नाही. २०१९ मध्ये सीपॅनेलने, म्हणजे सर्व्हरवरची ग्राहकांची खाती सांभाळायचं सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीने, दर खात्यांच्या संख्येवर नेला आणि माझा एका खात्याचा खर्च त्याच वर्षी वाढला. जाहिरातीची मर्यादा मला खाली आणावी लागली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा कार्डावरच्या आपोआप वसुलीचा नियम लागू झाला, तेव्हा ज्यांचे पैसे दरवर्षी न विचारता कापले जायचे त्यांतल्या कित्येकांचे अडले. ग्राहक नाराज नव्हते, त्यांना कळलंच नव्हतं. मुदत संपायच्या महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरा, असे फोन करून मी ते परत मिळवले. एक फोन म्हणजे पाच मिनिटं, आणि हातात १,५९३.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा माझ्या ग्राहकांपैकी सात जणांच्या ऑफिसात पाणी होतं. सर्व्हर मुंबईला, त्यामुळे साइट चालू होत्या, पण त्या महिन्यात कुणाला बिलाचा फोन करणार? मी सातही जणांची मुदत दोन महिने पुढे ढकलली आणि तसा निरोप पाठवला. आज ते सातही माझ्याकडे आहेत, आणि वहीच्या दुसऱ्या रकान्यात त्यांची नावं पुन्हा पुन्हा येतात.

एजन्सीला नाही कळवा. आणि मला तो राहिलेला आकडा पाठवा, पुढच्या अंकात तुमचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करून देते.

प्रश्न : चिपळूणमध्ये माझा लहानसा होस्टिंगचा व्यवसाय आहे. मोठ्या कंपन्या महिना साठ-सत्तर रुपयांची जाहिरात करतात. माझा दर महिना २०० पडतो. जाहिरातीसाठी पहिल्या वर्षी मीही तेवढाच दर ठेवू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : त्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करू नका, त्यांचा पत्ता थेट टाइप करून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा. तो दर बहुतेक वेळा तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. एका वर्षाचा पर्याय निवडला की आकडा बदलतो, आणि बारीक अक्षरात नूतनीकरणाचा दर असतो, तो कित्येक पट. तुम्ही वर्षाचे ७०० घेऊन विकलंत तर डोमेन आणि सर्व्हरमध्येच ते संपतील. त्यावर जाहिरातीचा खर्च, आणि पुढच्या वर्षी एकदम २,४०० चं बिल बघून ग्राहक जाणारच. त्यापेक्षा तुमच्या कोटेशनवर पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा दर शेजारी शेजारी छापा, आणि खाली तुमचा फोन नंबर ठळक टाका. समोरचा मोठ्या कंपनीचा भाव सांगू लागला की तोच कागद पुढे करा आणि त्यांच्या पानावरचे तीन वर्षांचे आकडे त्याच्याच हाताने शेजारी लिहायला सांगा.